विहीणबाईंच्या कपाळाचं वाचन

"माणूस ओळखायला मला आता तोंडओळख लागत नाही, नुसतं तोंड पुरतं!" लंडनमधल्या क्रॉयडनच्या आपल्या स्वयंपाकघरात टोस्टला लोणी फासत डॉक्टर चंद्रशेखररावांनी जाहीर केलं.

"बरं. मग तुमचं तोंड तेवढं आज पाहुण्यांसमोर बंद ठेवा," सुप्रभाताई म्हणाल्या आणि पोह्यांना फोडणी घातली.

आता या गृहस्थांची गंमत अशी, की हे निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी उभे राहिले, त्यामुळे हजारो चेहरे पाहिले ते सगळे उलटे! रिटायर झाल्यावर म्हणाले, आता जरा सुलटे पाहू. आणि घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये चिनी पद्धतीने चेहरा वाचण्याच्या क्लासला नाव घातलं.

शिकवायला लिनबाई होत्या. शांत, हसऱ्या, ही विद्या आजोबांकडून शिकलेल्या. नाक म्हणजे पैसा, कानाची पाळी म्हणजे आयुष्य, डोळ्यांखाली मूत्रपिंडं, आणि दोन भुवयांच्या मधे यकृत आणि गिळलेला राग! चंद्रशेखरराव थक्कच झाले. एवढी वर्षं डॉक्टरकी केली, पण यकृत कपाळापर्यंत येऊन पोचतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरंच की काय, म्हणून ते रोज आरशात तासन्‌तास बघायला लागले. लिनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा वाचायचा नाही." तेवढं मात्र ते सोयीस्करपणे विसरले.

मग काय विचारता! पोस्टमनला दारात थांबवून त्याच्या यकृताची चौकशी झाली. ट्रॅममध्ये शेजारच्या आजीबाईंना "तुम्ही शंभरी गाठणार" म्हणून सांगितलं, तेव्हा त्या खूश झाल्या, पण जागा बदलून बसल्या. आणि लेकीचा, तनयाचा, साकेत नावाचा मित्र जेवायला आला, तर वरणभाताच्या पहिल्या घासालाच यांचं निदान तयार. "भुवया नाकावर भेटतायत. संशयी स्वभाव!" साकेत पुन्हा फिरकला नाही.

तनया केंब्रिजला रिसर्च करते. पोरगी हुशार. पुढे कुशल आवडला, तेव्हा तिने त्याला आधी भरघोस दाढी वाढवायला लावली आणि मगच घरी आणलं. हनुवटी गायब, जबडा गायब! चंद्रशेखरराव पानावरून पुढे वाकवाकून बघत राहिले, पण वाचायला काही सापडेना. म्हणून गेले कित्येक महिने त्यांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. बाबांनी हो म्हटल्याशिवाय लग्नाचं पुढे काही बोलायचं नाही, असं तनयाने ठरवलेलं. पोरगी झुरत होती.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. मुलगा दाढीत लपला, आईबाप कुठे लपणार? त्यांनी कुशलच्या आईवडलांना हाउन्सलोहून चहाला बोलावलं!

"बाबा, प्रॉमिस करा," तनया आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत म्हणाली. "आज कोणाची नाक नाही, कोणाची कान नाही. मला ह्याच्याशीच लग्न करायची आहे. प्लीज!"

"मी काय करतोय? मी फक्त बघणार!"

बेल वाजली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आधी कुशलचे वडील नंदूराव आत आले. हीथ्रोला कार्गोत मॅनेजर, आवाज विमानाच्या वरताण. मागोमाग कुशलची दाढी आणि कुशल. शेवटी मधुमतीवहिनी. त्यांनी पार भुवयांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी काढली, नमस्कार केला, आणि चंद्रशेखररावांची नजर जी खिळली ती खिळलीच. वहिनींच्या दोन भुवयांच्या बरोब्बर मधे पांढुरकी गोल खूण!

गडी बसल्या जागी चुळबुळायला लागला. सुरुवात मात्र बेताने केली. "नंदूराव, तुमच्या कानाच्या पाळ्या झकास आहेत. दीर्घायुषी आहात!"

"ऐकलंस का गं!" नंदूराव खूश.

"फक्त डोळ्यांखाली सूज आहे. मूत्रपिंडं. मीठ कमी करा."

नंदूरावांचा हात चकलीवर होता, तिथेच थबकला. मधुमतीवहिनींनी लगेच बशी आपल्याकडे ओढली. "मी केव्हाची सांगतेय, ऐकतात कुठे!"

"बाबा!" तनया दात आवळून म्हणाली.

चंद्रशेखरराव उठले आणि सुप्रभाताईंना खेचत स्वयंपाकघरात घेऊन गेले. "अगं, घोटाळा आहे! बाईंनी मोठा राग गिळलाय. नाहीतर गुपित आहे. लग्न मान्य नाही त्यांना!"

"काहीतरीच तुमचं!" सुप्रभाताई पाठ फिरवून चहा गाळायला लागल्या. "चहा न्या बाहेर. आणि गप्प बसा."

पण गप्प बसतील तर चंद्रशेखरराव कसले! चहाचा ट्रे ठेवला आणि समोरच बसले. आवाज ऑपरेशनच्या आधी पेशंटला देतात तसा मऊ. "वहिनी, मनातलं बोलून टाका. मला सगळं कळलंय."

वहिनींनी कप खाली ठेवला. "काय... काय कळलंय?"

"तुमच्या पोटात एक गोष्ट आहे. चेहरा सांगतोय तुमचा."

"कुठली गोष्ट?" नंदूराव ओरडले.

"आई, डोन्ट!" कुशल दाढीतून म्हणाला.

पण मधुमतीवहिनी आधीच रडकुंडीला आलेल्या. "मी सांगत होते हो मुलांना! बाबांना न सांगता रजिस्टर लग्न करू नका म्हणून! पण तिथे केंब्रिजला दोघांचे चेहरे बघितले, आणि सही करून बसले!"



"लग्न झालं?" चंद्रशेखररावांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये," तनया म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मला भीती वाटली, बाबा. साकेतला तुम्ही आयब्रोजवरून रिजेक्ट केला. कुशलला हनुवटीवरून केला असता तर? पण आम्ही बाकी कोणालाच नाही सांगितलं. एकत्र राहायला पण नाही गेलो. तुमचा हो पाहिजे होता. अजून पाहिजे आहे."

चंद्रशेखररावांना फार वाईट वाटलं. एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं, आणि आपण त्या दिवशी बहुतेक पोस्टमनचं नाक बघत होतो! कुशलकडे पाहिलं, तर तो पोरगा वाचला जाण्याच्या भीतीने नजर खाली घालून बसलेला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"हो रे बाबांनो," ते म्हणाले. "हजार वेळा हो. आणि ती दाढी काढ आता, काय असेल ती हनुवटी असू दे!"

तनया त्यांच्या गळ्यातच पडली. नंदूरावांनी तेवढ्यात दोन चकल्या उचलल्या. "मला का नाही सांगितलंस?" त्यांनी बायकोला विचारलं. "तुमच्या पोटात काही राहतं का!" वहिनी म्हणाल्या.

जरा निवळल्यावर मात्र चंद्रशेखररावांची मान ताठ झाली. "पण एक मानावंच लागेल तुम्हाला! मी ओळखलं! कपाळावरची ती पांढरी खूण पाहिली, आणि क्षणात कळलं मला!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, टिकली!" म्हणत त्यांनी टोपी उलटी केली. आत लोकरीला लाल टिकली चिकटलेली! "वर्षानुवर्षांचा गोंद हो. कातडीच पांढरी पडलीय तिथली." आणि त्यांनी टिकली पुन्हा त्या जागी लावली. यकृत, राग, गुपित, सगळं एका बोटाखाली झाकलं गेलं.

नंदूराव खो खो हसत सुटले. चंद्रशेखररावांनी विषय बदलायला म्हणून विचारलं, "बरं, रजिस्टर लग्नाला साक्षीदार दोन लागतात. एक वहिनी. दुसरं कोण?"

तनया छताकडे बघत होती. सुप्रभाताई अगदी शांतपणे सगळ्यांच्या कपात चहा ओतत होत्या.

"सुप्रभा?"

"तनयाचे पडदे बदलायला म्हणून केंब्रिजला गेले होते ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी."

"आणि एवढे महिने तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही मला?"

सुप्रभाताईंनी किटली खाली ठेवली, आपल्या कपाळावरची टिकली नखाने अलगद काढली आणि चेहरा त्यांच्यापुढे धरला. तिथेही तश्शीच, पांढुरकी, गोल खूण!

चंद्रशेखरराव चष्मा सावरत जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं... ही कधीपासून आहे?"

"तनयाच्या जन्माच्या आधीपासून," सुप्रभाताई म्हणाल्या. "आज दिसली होय?"