काटेसाहेब चांगले होते

अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना माणसाने कशालाही हो म्हणू नये. काटेसाहेब म्हणाले, आणि तिथेच चुकले.

"बाबा, मी तुमच्यावर फिल्म करू का?" चिऊने बाथरूमच्या दारात उभी राहून विचारलं.

"कर की!" काटेसाहेब आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाले. त्या क्षणी त्यांना आरशात एक नट दिसला होता. (साबणामुळे दुसरी हनुवटी झाकली गेली होती.)

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायची त्यांची नोकरी होती आणि पाव ग्रॅमचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून गल्लीपासून ऑफिसपर्यंत सगळे त्यांना काटेसाहेबच म्हणत. चिऊ ही त्यांची एकुलती एक लेक. ती फिल्म बनवायला शिकत होती. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेसाठी तिला दहा मिनिटांची फिल्म करायची होती, आणि अट मोठी मजेशीर होती. गोष्ट रचलेली हवी, पण सांगायची मात्र माहितीपटासारखी. म्हणजे लोकांच्या मुलाखती, जुने फोटो, मागून येणारा गंभीर आवाज, खाली नावाची पट्टी, सगळं अगदी खऱ्यासारखं.

"गोष्ट काय आहे पण?" काटेसाहेबांनी गाल पुसत विचारलं.

"एक साधा माणूस एक दिवस घरातून बाहेर पडतो आणि परत येतच नाही. मग सगळे त्याच्याबद्दल बोलतात."

"म्हणजे हिरो मीच!"

"हो."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. तुम्ही नाहीयात ना!"

दुसरा कोणी असता तर इथेच खट्टू झाला असता. काटेसाहेब उलट खुलले. आपल्यामागे लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे जिवंतपणी ऐकायला मिळणं ही काय साधी गोष्ट आहे? त्यांनी हौसेने रजा टाकली. शनिवारी सकाळी चिऊने हॉलमध्ये कॅमेरा लावला, खुर्चीमागे कुंडी आणि टेबललॅम्प मांडला, आणि काटेसाहेब बेडरूमचं दार बोटभर उघडं ठेवून आत स्टुलावर बसले.

पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. चिऊने त्यांना समजावलं, "मावशी, बाबा हरवलेत एवढंच खोटं. बाकी आठवणी खऱ्याच सांगायच्या. फक्त 'होते' म्हणा."

"चांगले होते," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"अजून?"

"अं... चांगलेच होते गं." बाईंनी छताकडे पाहिलं. "जिन्यात भेटले की बाजूला व्हायचे."

काटेसाहेबांनी दाराच्या फटीत कान आणखी आत घातला. बारा वर्षांचा शेजार होता!

"हां, एकदा मी पाय घसरून पडले तर मला उचलून रिक्षात घातलं होतं," बाई एकदम म्हणाल्या. "नाही गं, ते समोरचे. तुझे बाबा तर... हां! माझ्या घरचा वजनकाटा दोन किलो कमी दाखवतो, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं होतं. त्याआधी सहा वर्षं मी खूश होते."

नंतर कोपऱ्यावरचे दुकानदार आले. त्यांनी आल्याआल्याच डोळ्यांना रुमाल लावला. "देवमाणूस! असा माणूस पुन्हा होणे नाही!" काटेसाहेब आत ताठ बसले. दुकानदारांनी रुमाल खाली घेतला. "दुकानाची पाटी मागे दिसायला हवी होती का? मी घेऊन येतो. स्क्रूवरच आहे."

मग राहिला घरातून बाहेर पडण्याचा प्रसंग. हरवलेला माणूस पाठमोरा दिसतो, असा म्हणे माहितीपटाचा रिवाज. हे काम तरी आपलंच, असं धरून काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन तयार झाले. घरापासून फाटकापर्यंत चालायचं, एवढंच. गेली पंचवीस वर्षं ते रोज तेवढंच करत आले होते. पण कॅमेरा सुरू झाल्यावर त्यांचा उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढे जाऊ लागला. दुसऱ्या वेळी ते फाटकाला धडकले. सातव्या वेळी सगळं जमलं, आणि फाटकाबाहेर पडतापडता त्यांनी मागे वळून विचारलं, "जमलं ना?"

स्वयंपाकघरात कपाटाचं दार बसवत असलेला सुतार हे सगळं खिडकीतून बघत होता. शेवटी न राहवून तो बाहेर आला, त्याने काटेसाहेबांचा शर्ट अंगात चढवला, बॅग उचलली आणि एका दमात असा काही चालत गेला की चिऊच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगदी हेच!" काटेसाहेबांची बायको खिडकीतून म्हणाली. "फक्त पाठ ताठ आहे."

सगळ्यात शेवटी तीच खुर्चीत बसली. साडी बदलून आली होती. आत काटेसाहेबांनी श्वास रोखून धरला. शेजारी काय, कोणाचेही असतात.

"आई, बाबा गेल्यावर तुला काय जाणवतं?"

ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "घर मोठं वाटतं," मग म्हणाली. "म्हणजे खरंच मोठं वाटतं. त्यांची ती आरामखुर्ची हलवली तर शिलाई मशीन मावेल तिथे." आणि मग जरा हळू आवाजात, "सकाळी तेच आधी उठायचे. माझा चहा करून उशाशी ठेवायचे, वर बशी झाकायचे. हाक नाही मारायचे. झोपू दे म्हणायचे. मी उठेपर्यंत तो पार गार झालेला असायचा. पंचवीस वर्षं मी गारच चहा प्यायले बघ. त्यांना सांगितलं नाही कधी. पण ती बशी उचलल्याशिवाय दिवस सुरू झालाय असं वाटायचंच नाही मला."

बेडरूममधून मोठ्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"कट!" चिऊ ओरडली. "बाबा! तुम्ही नाहीयात!"

"नाहीच आहे मी," आतून आवाज आला. "पण गार असतो हे आधी सांगायला काय झालं होतं?"

पुन्हा घेतलं. पण बायको दुसऱ्यांदा ते बोलेना. ओल्या टॉवेलांबद्दलच बोलली. शेवटी चिऊने पहिलाच तुकडा ठेवला. नाक ओढल्याच्या ठिकाणी दुःखी संगीत टाकलं.

रविवारी तिने हौसेने एक छोटी झलक बनवली. काळ्यापांढऱ्या रंगात काटेसाहेबांचा फोटो, कॅमेरा हळूहळू जवळ जातोय, मागे व्हायोलिन. मग शिक्षिकाबाई: "चांगले होते." मग दुकानदारांचा रुमाल. मग बायको: "घर मोठं वाटतं." आणि सगळं संपल्यावर अगदी बारीक अक्षरांत, 'विद्यार्थी फिल्म, लवकरच.' चिऊने ती इमारतीच्या ग्रुपवर टाकली. शिक्षिकाबाईंना स्वतःचं काम इतकं आवडलं की त्यांनी ती कौतुकाने आणखी दहा ठिकाणी पाठवली. पुढच्यांनीही पाठवली. बारीक अक्षरांपर्यंत कोणीच थांबलं नाही.

सोमवारी सकाळी काटेसाहेब बूट घालत असताना फोन वाजला. परगावी राहणारी त्यांची थोरली बहीण हुंदके देत होती.

"अरे, हे कधी झालं रे?"

"काय?"

"तू गेलास कधी?"

"ताई, मी कुठे गेलोय? हा काय बोलतोय!"

पलीकडचे हुंदके थांबले. मग ताईचा आवाज एकदम चढला. "मग हे आधी कळवायला नको? मी काल दुपारपासून जेवले नाहीये!"

तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. त्यानंतर दोन दुकानांत काटे तपासून काटेसाहेब ऑफिसात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. हॉलमध्ये सगळे माना खाली घालून, हात बांधून उभे. संगणक बंद, पंखेसुद्धा बंद. कोणीतरी गेलंय हे त्यांच्या लक्षात आलं. रीतभात जाणणारे गृहस्थ ते. आवाज न करता त्यांनी बॅग खाली ठेवली, शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि मान खाली घातली.

थोड्या वेळाने शेजारच्या भांडारप्रमुखांना त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "कोण गेलं?"

"काटेसाहेब," भांडारप्रमुख डोळे मिटूनच पुटपुटले.

"अरेरे!" काटेसाहेब हळहळले. "कशाने हो?"

"अचानक."

काटेसाहेबांनी खेदाने मान हलवली. मोठ्या गांभीर्याने आणखी दहा-पंधरा सेकंद गेले. मग त्यांना कुठेतरी काहीतरी खटकलं.

"कुठले काटेसाहेब?"

भांडारप्रमुखांनी डोळे उघडले आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले.

खुलासा व्हायला पाव तास लागला. सगळ्यांना आनंद झालाच असणार, पण तो चेहऱ्यावर यायला वेळ लागत होता. हेडक्लार्क तर चक्क नाराज दिसले. "हे काही बरं नाही केलंत काटेसाहेब. तुमच्या दुःखात अर्ध्या दिवसाची सुट्टी मंजूर झाली होती. नोटीससुद्धा लागली."

वीस जणांनी काटेसाहेबांकडे पाहिलं. "माफ करा," काटेसाहेब म्हणाले. दुसरं काय बोलणार?

"नोटीस मागे घ्यायची तर मोठ्या साहेबांची सही लागेल," टंकलेखिका बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीजवळच्या काटेसाहेबांच्या टेबलावर सकाळीच आपली कुंडी आणून ठेवली होती. "आणि मोठे साहेब तर दुःखाने घरी गेले."

मग नाइलाजाने सुट्टी तशीच ठेवायचं ठरलं. निघतानिघता काटेसाहेबांनी हेडक्लार्कना हळूच बाजूला घेतलं. "भाषण झालं होतं का हो? काय म्हणालात?"

हेडक्लार्कनी खिशातून कागद काढून पाहिला. "चांगले होते, असं म्हणालो."

स्वतःच्या निधनाची अर्धी सुट्टी घेऊन काटेसाहेब घरी आले. बायको ऐकून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. तिला हसताना बघून त्यांनाही हसू फुटलं. मग दोघांनी भरदुपारी चहा केला आणि तो कढत असतानाच प्यायला.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या छोट्या सभागृहात फिल्म दाखवली. तिसऱ्या रांगेत काटेसाहेब, त्यांची बायको, शिक्षिकाबाई, दुकानदार आणि सुतार अशी सगळी मंडळी बसली होती. बशीच्या वाक्याला सभागृहात कोणी हललंसुद्धा नाही. सुतार फाटकाबाहेर पडला तेव्हा मागे कोणीतरी रडलं. दिवे लागले आणि टाळ्या काही थांबेनात. चिऊ पुढे परीक्षकांसमोर उभी होती. काटेसाहेबांच्या शर्टाची बटणं अभिमानाने ताणली गेली होती.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "उत्तम! सगळं खरं वाटतं. शेजारी खरे, बायको खरी, चालत जाणारे गृहस्थ तर लाजवाब." सुतार उठून उभा राहिला आणि चारी बाजूंना वाकला. "मी गुण कापतोय ते एकाच गोष्टीसाठी. गोष्ट रचताना तुझा जरा तोल गेलाय. तो हरवलेला माणूस पटत नाही. बारा वर्षं शेजारी राहून लोकांना त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, स्वतःच्या बायकोला पंचवीस वर्षं गार चहा पाजतो आणि त्याला पत्ता नाही! असा माणूस प्रत्यक्षात असतो का कुठे?"

काटेसाहेबांना राहवेना. ते उठले. "असतो हो!"

सगळं सभागृह वळलं. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "असं? तुमच्या ओळखीत आहे कोणी?"

समोर चिऊ मान जोरजोरात हलवून नाही नाही करत होती. गोष्ट रचलेली नाही असं कळलं असतं तर उरलेले गुणही गेले असते. शेजारून बायकोने त्यांचा शर्ट खाली ओढला.

"नाही," काटेसाहेब खाली बसत म्हणाले. "ऐकून आहे फक्त. चांगले होते म्हणतात."