कॉम्प्युटरचा सातवा नारळ

आमच्या ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सोमवारी सकाळी दहा चाळीसला अधिकृतपणे हँग झाला. अधिकृतपणे म्हंजे ग्रामसेवक भाऊसाहेबांनी खिडकीवर कागद चिकटवला : 'संगणक थांबला आहे. नागरिकांनीही थांबावे.' पंचायतीचं नाव सांगत नाय. सरावलीपासून लांब नाय, एवढं बास. मला तिथून अजून दाखले काढायचे हायत.

लायनीत चौथी माझी ताई, दीपिका. तिचा नर्सिंगला नंबर लागलेला, स्थानिकांच्या कोट्यातून. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पालघरला रहिवासी दाखला दिला तर जागा तिची, नायतर दुसरीची. दाखल्यात एकच ओळ पायजे : पंधरा वर्षं हितं राहते. ताई एकोणीस वर्षं हितंच राहते, पंचायतीच्या मागच्या आळीत. भाऊसाहेबांच्या खिडकीतून आमचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

मी ठमी. नववीत शाळा सोडली. म्हंजे मला शाळा नको होती, शाळेला मी नको होते, आमचं दोघींचं एकदाच कशावर तरी एकमत झालं. आता बोईसरला शैलेशदादाच्या दुकानात कॉम्प्युटर रिपेर करते. म्हणून ती निळी स्क्रीन मला लायनीतूनच ओळखू आली. वर मेमरीचा एरर.

"भाऊसाहेब, ह्याची रॅम नीट बसत नाय. डबा खोला, पट्ट्या काढा, खोडरबरनं घासा, परत लावा. दहा मिनिटांचं काम हाय."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांनाच खोलायला निघालेय.

"तुझं शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"अर्धी."

"सदर संगणक ही शासकीय मालमत्ता आहे. तो उघडायला तालुक्याची परवानगी लागते. आणि देखभालीच्या कंत्राटात फक्त फ्रेश इन्स्टॉल आहे. उघडणे नाही."

"मग परवानगी मागा ना."

"मागितली. अर्ज ऑनलाइन करा म्हणाले."

"मग करा."

भाऊसाहेबांनी निळ्या स्क्रीनकडं बोट दाखवलं.

दुपारी कंत्राटाचा माणूस आला, विपुल. त्याच्या पिशवीत एकच पेनड्राइव्ह. पेचकस नाय, ब्रश नाय, काय नाय. "क्या तकलीफ है?" त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच पेनड्राइव्ह लावला. "फ्रेश मार देता हूँ."

"अवो, गेल्या शुक्रवारीच मारलं ना फ्रेश!" मी म्हटलं.

"वो पुराना फ्रेश था."

मी त्याला बाजूला घेतलं. "सिस्टीम नवी टाकूनपण तीच निळी स्क्रीन येते, म्हंजे लोच्या सिस्टीमचा नाय, डब्यातला हाय. तुला कळत नाय काय?"

तो हळूच म्हणाला, "पता है रे. लेकिन मेरे फॉर्म में डिब्बे का खाना ही नहीं है."

दीड तासानं कॉम्प्युटर कोरा करकरीत चालू झाला. लायन उठून उभी राहिली. तेवढ्यात शिपाई रामनाथकाका पूजेची थाळी घेऊन आले.

कारण सिस्टीम नवी, म्हंजे कॉम्प्युटर नवा. नव्या वस्तूला नारळ पायजेच. गेल्या शुक्रवारी सरपंचांनी पहिला फोडला, हा दुसरा. काकांनी डब्याला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला, पाणी डब्यावर शिंपडलं. मग अगरबत्ती. त्या डब्याला वरून जाळी हाय, आतली गरम हवा बाहेर जायला. तिच्या भोकात अगरबत्तीची काडी अशी बरोबर बसते, की बनवणाऱ्यांनी माप तिचंच घेतलं असणार.

सगळ्यांनी हात जोडले. कॉम्प्युटर झकास चालला. राख खाली पडेपर्यंत.

"काका, ती राख आत जाते!" मी ओरडले. "त्याच्यानंच हँग होतो!"

"उलटं बोलतीस पोरी," काका म्हणाले. "हँग होतो म्हणून तर लावतो."

मंगळवारी तिसरं फ्रेश, तिसरा नारळ. काकांना वाटलं एक अगरबत्ती कमी पडते, त्यांनी दोन लावल्या. बुधवारी चार. गुरुवारी जाळीत भोकं उरली नायत. लायनीतली माणसं सुधारली, येताना कागदपत्रांबरोबर नारळपण आणायला लागली. केळव्याच्या एका पाव्हण्यानं वाडीतलं आख्खं पोतं आणून ठेवलं. राहीबाई डोंगरातल्या पाड्यावरनं दोन गाड्या बदलून रोज यायची. गुरुवारी मला म्हणाली, "बाय, मी दाखल्याला येते का पूजेला, माझं मलाच कळं नाय."

भाऊसाहेबांनी अहवाल मात्र चोख ठेवला. 'संगणक दररोज नव्याने सुरू होत आहे. प्रगती समाधानकारक.'

शुक्रवारी अकरा वीसला सहावं फ्रेश झालं. बाराला परत निळी. ताई नुसती पिशवीतली फाइल काढायची, बघायची, परत ठेवायची. अडीच वाजले तेव्हा तिनं मला विचारलं, "ठमे, पालघरला किती वेळ लागतो गं?" तिला म्हाईत हाय किती लागतो. तिनं बारावी तिथंच केली.

माझं डोस्कं फिरलं. टेबलाखालून आत घुसले, पिन उपटली, पेचकस काढला आणि डबा खोलला.

"शासकीय मालमत्ता!" भाऊसाहेब उभे राहिले.

"मग शासनाला बोलवा, येऊन बघूंदे!"

सगळी लायन खिडकीला चिकटली. आत अर्धी वाटी राख. रॅमच्या दोन्ही पट्ट्या कुंकवानं लाल. आणि स्लॉटच्या बाजूला खोबऱ्याचा एक तुकडा, चांगला बोटभर.

रामनाथकाकांनी वाकून बघितलं आणि डोळे पुसले. "प्रसाद पार आतपर्यंत पोचलाय!"

मी फुंकलं, झाडलं, भाऊसाहेबांच्याच टेबलावरचा खोडरबर घेऊन पट्ट्या घासल्या, खट्कन बसवल्या. चालू केला. एक मिनिट. पाच मिनिटं. दहा. निळी आली नाय. भाऊसाहेबांनी ताईचं नाव टाकलं, बटन दाबलं. प्रिंटरमधनं दाखला सरकत बाहेर आला. ताईनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि वाचता वाचता तिथंच खाली बसली.

'सदर अर्जदार या गावात आज सकाळी ११.२० पासून वास्तव्यास आहेत.'

"हे काय हाय?" मी विचारलं.

"फ्रेश इन्स्टॉलमध्ये जुनी माहिती जाते," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "गावाची नोंद अकरा वीसला झाली. त्याआधी गाव दिसत नाही."

"मागच्या कपाटात रजिस्टर हाय!"

"ते ऑफलाइन आहे."

"अवो, ताई रोज तुमच्या खिडकीतून तुमाला दिसते! तुमी तिला कपडे वाळत घालताना बघता!"

"बघतो. पण तो माझा वैयक्तिक अनुभव झाला."

रामनाथकाका दचकले. "भाऊसाहेब, म्हंजे माझी नोकरीपण अकरा वीसपासूनच?"

भाऊसाहेब विचारात पडले. बहुतेक स्वतःच्या नोकरीच्या.

"आणि पंधरा वर्षं कवा होणार?" ताईनं खाली बसल्या बसल्याच विचारलं.

भाऊसाहेबांनी खरंच बोटांवर हिशेब केला. "आजपासून पंधरा वर्षं संगणक एकदाही हँग होऊ दिला नाही, तर होतील."

लायनीत कुजबुज झाली. पंधरा वर्षं. आख्ख्या गावाची. आता ह्या डब्याला जपायला पायजे, हे सगळ्यांना एकदम पटलं. रामनाथकाकांनाही पटलं. ते पोत्यातनं सातवा नारळ घेऊन आले.

झाकण अजून माझ्या हातात होतं. आतलं सगळं उघडं. चाळीस माणसांनी राख बघितली होती, कुंकू बघितलं होतं, खोबरं बघितलं होतं. मी म्हटलं, "कुनीतरी नको म्हणा!" राहीबाईनं काड्यापेटी पुढं केली. ताईनं हात जोडले. नारळ फुटला, पाणी थेट रॅमवर. तीन वाजून दोन मिनिटांनी स्क्रीन निळी झाली, आणि पाचला ताईची जागा गेली.

तुमी आता म्हणाल, चाळीसजणांत एकपण शाना नव्हता काय? एक होता. त्याला सगळं कळलं होतं, तो मनातल्या मनात हसत होता, पण त्याबद्दल कुणाला एक अक्षर सांगितलं नाय. नारळ फुटताना मला म्हणाला, "जरा बाजूला हो, व्हिडिओत मधे येतेस."

लायनीत तुमचा नंबर कितवा होता हो?