झोपाळ्यावरची पाटी

चिंधाची रात्रपाळी तापीच्या मुखाकडच्या उधन्यात, कापडाच्या लूमवर आणि झोप नवागामच्या चाळीत, गॅलरीतल्या झोपाळ्यावर. लूमचा खडखडाट कानातून उतरेपर्यंत झोपाळा त्याला हलकेच हलवायचा. मग स्वप्नात तापी उलटी वाहायला लागायची आणि त्याला थेट खान्देशातल्या गावी नेऊन सोडायची.

पण झोपाळ्याची उजवी कडी झिजली होती. वेल्डिंगवाला संदीप लग्नासाठी गावाला गेलेला. चिंधाला डाव्या अंगाला अलगद निजायची सवय होती, शेजाऱ्यांना नव्हती. कुणी धपकन बसलं तर काय, या धाकाने त्याच्या बायकोने, कलाबाईने, मुलीला पाटी लिहायला बसवलं.

"इंग्रजीमा लिव्ह," चिंधा म्हणाला. "इंग्रजीले लोके घाबरतस."

जागृती कॉलेजात जायची. तिने मोबाइलवर पुन्हा पुन्हा खात्री केली आणि सुबक अक्षरांत लिहिलं, 'सिट अ‍ॅट युवर ओन रिस्क'. "म्हणजे बसा, पण पडलात तर तुमचं तुम्ही बघा. एकदम बराबर छे, पप्पा!"

इंग्रजी बिनचूक होतं. तिथेच घात झाला.

शेजारचा हिलाल पाटीपुढे थबकला. "अरे, हाई मी देखेल शे! मॉलना पार्किंगमा, वॉटरपार्कमा. मोठी जागा राहस तठेच लावतस!" आणि तो चपला काढून अदबीने झोपाळ्यावर बसला. कडी कुरकुरली, पण टिकली.

मग मंदा पाटीसकट फोटो काढून गेली. सुकदेवने सासरची माणसं आणली. पाहुण्यांना चहा आपल्या घरी पाजायचा आणि बसवायला चिंधाकडे न्यायचं, अशी चाळीत रीतच पडली.

चिंधा खाली चटईवर टक्क जागा. जमीन काही हलत नव्हती आणि तापीही जागची हलेना. कामावर त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. चालत्या लूमवर डुलकी लागली तर हात जायचा, या विचाराने कलाबाईचा जीव खालीवर झाला.

"जागृती, काढ ती पाटी!"

पाटी निघाली, गर्दी ओसरली. चिंधाला इतका आनंद झाला, की डावं-उजवं विसरून तो धपकन आडवा झाला. कडी तुटली. फळी, साखळ्या, उशी आणि चिंधा, सगळे जमिनीवर.

कलाबाई धावत आली. चिंधा तिरक्या फळीवर घोरत होता. चेहऱ्यावर हसू होतं आणि पायाचा अंगठा संथपणे हलत होता. तापी वाहायला लागली होती.

"काय पडनं, वहिनी?" हिलाल ओरडतच आला.

जागृतीने पाटी उचलली, 'सिट'वर काट मारली, वर 'वेक हिम' लिहिलं आणि पप्पांच्या उशाशी उभी केली.

"आते काय लिव्हं?" कलाबाईने कुजबुजत विचारलं.

"यांना उठवा, पण पुढचं तुमचं तुम्ही बघा."

हिलालने पाटी पाहिली. मग कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कलाबाईकडे पाहिलं. आणि चपला हातात घेऊन तो पाय न वाजवता परत गेला.

इंग्रजी याही वेळी बिनचूक होतं.