मन्मथअप्पांची पुण्याची सर्व्हिस

मन्मथअप्पांच्या मोटारीकडे जनावरांच्या डॉक्टरचा दाखला होता. थट्टा नाही, मी तो हातात धरून वाचला आहे. सरकारी छापील कागद, खाली गोल शिक्का आणि मजकूर असा : ‘वर्ण काळा. वय पाच वर्षे. शिंगे नाहीत. खोड आढळली नाही. जनावर तपासले, निरोगी आहे.’

“अप्पा, हे कशाला?” मी विचारलं.

“पुण्याचे लोक रोग काढत्यात, पत्रकवाले. गाडी दारातून आत नेली की बाहीर येताना चार रोग घिऊन येती. आपला दाखला आपल्यापाशी आसावा.”

“पण डॉक्टरांनी मोटारीला दाखला दिला कसा?”

“मी म्हणलं, डॉक्टरसायेब, तुमी बैलाला तरी कुठं बघून देताव? मग दिला.”

मला ते पत्रकवाले म्हणत, कारण त्या दिवसांत माझ्या खांद्याला कायम एक पिशवी असे आणि पिशवीत परदेशी कंपन्यांविरुद्धची पत्रकं. देश विकायला काढलाय, असं त्यात मी स्वतः लिहिलेलं असे. अप्पा माझ्याकडून पत्रकांचा गठ्ठाच मागून घेत. एवढा जागरूक नागरिक आपल्या गावात आहे म्हणून मला भरून येई. पुढे एकदा त्यांच्या पडवीत गेलो, तर ते त्या कागदांनी मोटारीची काच पुसत होते. “झकास कागद हाय,” ते म्हणाले. “शाई जरा सुटती, तेवढं बघा.”

देशाची दारं उघडली म्हणून दिल्लीत टाळ्या वाजल्या, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. केज तालुक्यातल्या आमच्या गावात त्या उघड्या दारातून आधी शीतपेयाची लाल पेटी आली, मग एसटीडीची पिवळी पाटी आली, आणि मग अप्पांची मोटार आली. नळाचं पाणी अजून दार शोधत होतं.

अप्पा बैलबाजारातले दलाल. चाळीस वर्षं बैलांत गेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूकडे बघण्याची त्यांची एकच रीत होती : पुढून डोळे, मागून चाल. पुण्याच्या एका बिल्डरकडून त्यांनी ही जुनी गाडी घेतली, तेव्हाही म्हणे त्यांनी बिल्डरला गाडी पुढे चालवायला लावली आणि स्वतः मागे पळत तिची चाल बघितली. मग बॉनेट उघडून ‘दात’ बघितले. गाडी लांब, काळी, आत चामड्याची आसनं. गावानं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव म्हैस ठेवलं. बिल्डरनं विकली तेव्हा कंपनीची ग्यारंटी थोडी शिल्लक होती. ती होती तोवर सगळं फुकट होतं. ती संपली आणि खुल्या अर्थव्यवस्थेनं अप्पांना आपला खरा चेहरा दाखवला.

अप्पा खर्च रुपयांत सांगत नसत. “म्होरला दिवा बदलला,” ते सांगत, “एक दुभती म्हैस गेली.” बाजूचा आरसा फुटला, त्याला एक गोऱ्हा. गाडीला संगणकाची वायर जोडून ‘काही दोष नाही’ असं सांगायला कंपनीनं दोन शेळ्या घेतल्या. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढून कळपच्या कळप पुण्याच्या दिशेनं चालत जाई. ज्या वर्षी ट्रॅक्टरांमुळे बैलबाजार निम्म्यावर आला, त्या वर्षी या माणसानं गाडीला चार नवे टायर घातले. मी एका पत्रकात त्यांच्यावर नाव न घेता अर्धा रकाना लिहिला. त्या अर्ध्या रकान्यानंही काच चांगली निघाली म्हणे.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर रफिकभाईचं गॅरेज होतं. ट्रकच्या पोटाखाली झोपून वाढलेला माणूस. तो दर वेळी अप्पांना अडवी. “अप्पा, पुण्याला कशापायी जाताव? मी करतो की. चहाच्या पैशात करतो.”

“तुझ्याकडं शिक्का हाय का?”

“शिक्का न्हाई, पाना हाय.”

“मग ऱ्हाऊ दे. कंपनीचा शिक्का पायजे. शिक्का न्हाई ती गाडी बेवारस.”

गाडीच्या सर्व्हिसचं पुस्तक ते रेशमी फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवत. किती किलोमीटरला तेल बदललं, कधी ब्रेक तपासले, प्रत्येक नोंदीवर निळा शिक्का. आमच्या गावच्या शाळेतल्या हजेरीपटावर इतक्या नियमानं कुणाची सही झाली असती, तर गावातून दोन कलेक्टर निघाले असते. आणि अप्पा नियमाच्याही पुढचे. पुस्तकात वर्षातून दोनदा जा म्हटलं असेल, तर हे पाचदा जात.

घरात माणूस म्हणाल तर ते एकटे. बायको वारलेली. मुलगा एकच, बसवराज. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. शिकला, पुण्याला गेला आणि तिथं स्वतःच्या पसंतीनं जातीबाहेर लग्न केलं. लग्नाची बातमी आली तो बाजारचा दिवस होता. अप्पांनी भर बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “विकलेल्या बैलाच्या मागं दलाल जात न्हाई. आमच्या लेखी इषय मिटला.” तेव्हापासून त्यांच्यासमोर त्याचं नाव कुणी काढलं नाही. पोटच्या पोराला बैलाच्या भावात मोजणारा हा माणूस मला त्या दिवसापासून मनातून उतरला होता, हेही सांगून टाकतो. गाडीला जपतो तेवढं पोराला जपला असता, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

एकदा दिंद्रुडच्या एका गूळ व्यापाऱ्यानं गाडी मागितली. भावही बरा देत होता. हॉटेलात सगळे अप्पांच्या मागे लागले : विका, विका, ही म्हैस तुम्हाला खाऊन टाकील. अप्पा बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. मग म्हणाले, “बरं. या बारीला पुण्याचं बिल एका बैलजोडीच्या वर गेलं, तर गाडी दिंद्रुडला. न्हाई गेलं, तर पुन्हा कुणी नाव काढायचं न्हाई. पत्रकवाले येतील संगं. त्येनला इंग्रजी वाचता येतं, आन् त्ये खोटं बोलत न्हाईत.”

मी आनंदानं तयार झालो. भांडवलशाहीचा पराभव भांडवलशाहीच्याच बिलानं होताना जवळून बघायला मिळणार होता.

अप्पा स्वतः गाडी चालवत, पण बैलाच्या वेगानं. चढ आला की पुढे वाकत आणि जिभेनं टक्‌टक्‌ करत. जामखेडच्या पुढे एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवली आणि तिला दम खाऊ दिला. तोवर आमच्या मागून निघालेली लाल एसटी पुढे निघून गेली होती. पुढच्या सगळ्या रस्त्यात त्यांनी आरशात बघून तीनतीनदा टोपी नीट केली. गाडीच्या दवाखान्यात जाताना माणूस इतका नटतो, याचं मला हसू आलं.

पुण्याचं ते वर्कशॉप म्हणजे थंडगार हवा, काचेच्या पेटीत रंगीत मासे आणि फुकट कॉफी. फुकट, म्हणजे बिलात. काउंटरपलीकडे टाय लावलेला, चष्म्याचा एक तरुण खाली मान घालून बसला होता. शेजारच्या काउंटरवर गिऱ्हाईक कुणीच नव्हतं, तरी अप्पा याच्याच रांगेत उभे राहिले. आमची पाळी आली. त्यानं मान वर न करता फॉर्मवर नाव लिहिलं, गाव लिहिलं. काही विचारलं नाही. जुनं गिऱ्हाईक, मी समजलो.

“काय तक्रार आहे?”

“आवाज येतो.”

“कुठून येतो?”

“कवा म्होरून, कवा मागून.”

“केव्हा येतो?”

अप्पांनी घसा साफ केला. “एकटा आसलो की येतो. दुसरं माणूस शेजारी बसलं की बंद.”

त्या तरुणाचं पेन थोडं थांबलं. “मागच्या वेळीही हीच तक्रार होती. आम्हाला सापडला नाही.”

“बघा की नीट. आमाला काय घाई न्हाई.”

गाडी आत गेली. आम्ही माशांकडे बघत बसलो. म्हणजे मी माशांकडे बघत होतो. दुपार कलल्यावर त्या तरुणानं खर्चाचा कागद पुढे सरकवला. मी वाचला आणि माझ्यातल्या जनतेला गहिवरून आलं.

“अप्पा, जोडी गेली,” मी जाहीर केलं. “वर बैलगाडीही गेली. द्या आता दिंद्रुडला.”

अप्पांनी कागदाकडे बघितलंही नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, काउंटरवर पसरला आणि स्वतःचा उजवा हात त्याच्याखाली सारला.

बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्यांना फक्त कापड हललेलं दिसतं, भाव त्या दोघांनाच कळतो. हे आमच्याकडे ठीक आहे. पण इथे, माशांच्या पेटीशेजारी! मी शरमेनं भिंतीवरच्या जाहिराती वाचू लागलो. पलीकडच्या काउंटरवरची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. एक कर्मचारी म्हणाला, “बाबा, इथे दर ठरलेले असतात.”

“तुमचे आसतील,” अप्पा म्हणाले. हात तसाच.

टायवाल्या तरुणानं एकदा मागे बघितलं. मग त्यानं हातातलं घड्याळ सोडून काउंटरवर ठेवलं, शर्टाची बाही वर सारली आणि हात टॉवेलखाली घातला. शहरातला माणूस असा हात घालत नाही. तो आधी कापड उचलून बघतो. यानं पंजा उताणा केला आणि कापड जराही न उचलता सरळ आत सरकवला. अशी लकब बाजारात लहानपण काढल्याशिवाय येत नाही. मी चमकून त्याच्या तोंडाकडे बघितलं. चष्मा आणि नसलेली मिशी बाजूला केली, तर समोर बसवराज होता.

सौदा एरवी दोन-चार श्वासांत होतो. हा लांबला. टॉवेल हलत नव्हता. फोन वाजून वाजून बंद झाला. हसणारी मुलगी हसायची थांबली. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि बसवराज कागदाकडे. बाप लेकाकडे बघत नव्हता, लेक बापाकडे बघत नव्हता.

मग बसवराजनं हात बाहेर काढला, घड्याळ बांधलं आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, “पैसे तिकडे भरा.”

अप्पांनी भरले. मी पावती वाचली. आकडा तोच होता, पैसाही कमी नव्हता.

नगर मागे पडेपर्यंत मी ती पावती तीनदा वाचली. मग राहवलं नाही. “अप्पा, भाव काय केला त्यानं?”

“भाव न्हाई केला.”

“मग एवढा वेळ?”

त्यांनी एका ट्रकला वाट दिली. गरज नसताना हॉर्न वाजवला. “हात लई मऊ पडलाय पोराचा,” ते म्हणाले. “कासरा धरलेला हात हुता त्येचा. घट्टे हुते हितं.” त्यांनी स्टिअरिंगवरून हात न काढता अंगठ्यानं जागा दाखवली.

“मग सरळ बोलत का नाही त्याच्याशी?”

“भर बाजारात बोलून बसलोय न्हवं. बाप म्हणून कोन्त्या तोंडानं जाऊ? गिऱ्हाईकाला कुणी आडवीत न्हाई.” आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच : “हॉटेलात इचारलं, तर जोडीच्या आत बिल झालं म्हणा.”

“मी खोटं बोलत नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

“म्हणून तर तुमाला नेलतं.”

मी पावतीची घडी केली आणि खिशात खोल ठेवली. एका मोटारमालकाच्या बाजूनं मला काही करावं लागेल, हे आमच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मांजरसुंब्याला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. अप्पांनी गाडी ढाब्यावर न नेता रफिकभाईच्या गॅरेजसमोर लावली. रफिकनं बॉनेट उघडलं, कान लावला आणि इंजिनाला शाबासकी दिल्यासारखी थाप मारली.

“कायबी म्हणा अप्पा, काम पक्कं केलंय. घड्याळावानी चालतीय. आता सहा म्हैने बघायचं काम न्हाई.”

अप्पांचा चेहरा पडला. “सहा म्हैने?”

“आरामात.”

अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरचे ट्रक बघू लागलो. त्यांनी रफिकला दंडाला धरून जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाजही बाजारातलाच होता.

“रफिक, तुला इंजनातलं लई कळतं. आसं कायतरी बिघडीव, की तुला दुरुस्त करता येऊ न्हाई.”

 रफिकनं चिंधीनं एकेक बोट पुसलं. “अप्पा,” तो दुखावल्या आवाजात म्हणाला, “मला दुरुस्त करता येत न्हाई आसं हिच्यात कायच न्हाई.”

“शोध की बे,” अप्पा म्हणाले आणि गॅरेजच्या बाजेवर मांडी घालून बसले. “आमी बसतो तवर.”