सातव्या खांबाचा अर्ज

तात्या सोनवणे कोणत्याही इमारतीत शिरण्यापूर्वी दाराशी थबकत, खांब मोजीत, मांडीवर ठेका धरीत आणि मगच निकाल देत. "ही त्रितालात बांधलीय, भाऊसाहेब. चला आत." एका दवाखान्याच्या पायऱ्या त्यांना बेताल वाटल्या, तेव्हा अंगात ताप असताना ते तसेच घरी परतले होते.

सदर गृहस्थ बांधकाम कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे साहेबांचे नकाशे पारदर्शक कापडावर उतरवून घेणारे. त्याच कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, मी बावीस वर्षे जनतेचे अर्ज लिहीत आलो. शिक्षण सातवीपर्यंतच, तथापि माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची हिंमत नाशिकच्या एकाही वकिलाने केलेली नाही.

ऐंशी सालच्या आगेमागे कचेरी शेजारच्याच नव्या सिमेंटच्या इमारतीत गेली आणि जुनी दगडी इमारत पाडायचे ठरले. तात्या तोवर निवृत्त झाले होते. एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"परवानगीचा अर्ज लिहा. व्हरांड्यात नाच करायचाय. फिल्म काढतोय."

"कोणाच्या लग्नाची?"

"इमारतीची."

मी पेनाला टोपण लावले.

"बारा खांब, अकरा कमानी," तात्या म्हणाले. "इमारत उभी नसते हो, ती चालता चालता थांबलेली असते. ती चाल मला पकडायचीय. पाडली की गेली."

अर्जाला कारण लागते. नाचासाठी कोणी अधिकारी सही करीत नसतो, हे मला अनुभवाने ठाऊक. सबब मी लिहिले, 'कमानींची निर्लेखनपूर्व चलत् पाहणी करणेकामी.' निर्लेखन म्हणजे मोडीत काढणे. हेडक्लार्कने ते दोनदा वाचले, काहीच कळले नाही, म्हणून मंजूर केले. एक रविवार मिळाला.

अंबडच्या कारखान्यात लागलेल्या भाच्याने तात्यांना छोटा कॅमेरा मिळवून दिला. फिल्म मुकी, तीन मिनिटांची. नाचणार होत्या वसुधाताई. मुलींना कथ्थक शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या, जिभेने तिखट. हा प्रकार आहे तरी काय, या जिज्ञासेने मीही हजर राहिलो. तात्या फूटपट्टीने दगडावर ठेका देत होते.

"चार पावलं. हात खांबावर. थांबा. श्वास. पुन्हा चार."

"तात्या, हा नाच आहे की दमेकऱ्याचा फेरफटका?"

"इमारतीचं ऐका, ताई."

"इमारत कुठं बोलतेय? मघापासून तुम्हीच बोलताय!"

सातव्या खांबाशी मात्र त्यांनी ताईंना पुष्कळ वेळ उभे केले, समोरच्या खिडकीकडे पाहायला लावले. का, ते सांगेनात. "तिथं सम आहे," एवढेच.

फिल्म मुंबईहून धुऊन येईपर्यंत पाडकाम सुरू झाले. एका टोकाच्या चार कमानी गेल्या. त्याच सुमारास तात्यांनी मला दुपारी घरी बोलावले. खिडक्या लावलेल्या, भिंतीवर पांढरे धोतर ताणलेले, स्टुलावर प्रोजेक्टर. समोर खाटेवर त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी. त्याही त्याच कचेरीत टायपिस्ट होत्या. हृदयाच्या जुन्या दुखण्याने तीन वर्षे घराबाहेर पडल्या नव्हत्या.

धोतरावर वसुधाताई चालू लागल्या. चार पावले, हात खांबावर, श्वास. आणि मला एकदम ओळख पटली. ही चाल मी कडुनिंबाखालून वर्षानुवर्षे पाहिली होती: दम लागतो म्हणून एकेक खांब धरीत कामावर जाणाऱ्या टायपिस्टबाईंची.

"अगंबाई, ही तर मी!" वहिनी हसल्या. मग सातवा खांब आला. "अहो, पण हे चुकलं."

"काय चुकलं?"

"लग्नाआधी सातव्याशी मी कधीच थांबले नाही."

"थांबायचीस. माझ्या खिडकीसमोरचा खांब तो. मान वर करायचा धीर नव्हता मला, पण पावलं ऐकायचो ना. सातव्याशी बंद व्हायची."

"बंद होणारच. चपला हातात घेऊन भरभर निघून जायचे. तुम्ही मला धापा टाकताना पाहू नये म्हणून. आठव्याशी टेकायचे, अगदी डोळ्यांपुढे अंधारी यायची."

तात्यांनी फिल्म उलटी फिरवली. वसुधाताई उलट्या पावलांनी सातव्या खांबाशी परत आल्या, पुन्हा थांबल्या. तात्या उठून धोतराजवळ गेले आणि त्या खांबावर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्यापूर्वीच ते कडुनिंबाखाली हजर.

"अर्ज लिहा. सातव्या खांबाची फिल्म पुन्हा काढायचीय. आज उभा आहे, उद्याचं सांगता येत नाही."

मी कागद पुढे ओढला. 'कारण' या शब्दापुढे 'निर्लेखनपूर्व' लिहायला घेतले, आणि खोडले. मग लिहिले, 'अर्जदाराची पत्नी येथे थांबत नसे.'

हेडक्लार्कने तो या खेपेस एकदाच वाचला, आणि मजुरांना थांबवायला स्वतः खाली उतरला.