कोंड्याची बरणी

लोणच्याच्या बरणीत हात घालायची कुनिएदांना किळस यायची, एवढंच खरं तर या सगळ्याचं मूळ.

त्यांची बायको फुसाए तीन दिवस बहिणीकडे निघाली, तेव्हा दारात बूट चढवता चढवता म्हणाली, "अहो, सकाळ-संध्याकाळ कोंडा तळापासून हलवायचा. हातानं. परवा येताना आईला घेऊन येतेय." (शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम जाता जाता टाकलं.)

तांदळाच्या आंबवलेल्या कोंड्यात काकड्या नि मुळे पुरायचे आणि तोच कोंडा रोज हलवत वर्षानुवर्षं जपायचा. सासूबाईंनी लेकीला लग्नात दिलेल्या या कोंड्याला एकतीस वर्षं झाली होती. आणि कुनिएदा पडले नगरपालिकेतले कारकून. हाताला तो वास घेऊन खिडकीत बसायचं कसं?

शिकायला आलेली फिनलंडची हेल्मी वर्षभर त्यांच्याकडेच राहत होती, दोघांना आई-बाबाच म्हणायची. पण पाहुण्या मुलीला त्या चिखलात हात घाल म्हणायची त्यांना लाज वाटली. म्हणून ते इतकंच म्हणाले, "हेल्मी, बरणीकडे तेवढं लक्ष दे. आमच्या संस्कृतीचा गाभा आहे तो."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले, तर बरणी अंगणात पालथी. लख्ख.

"आतला कोंडा?" त्यांनी विचारलं.

"खराब झाला होता बाबा, आंबूस वास मारत होता. बरणी तीनदा साबणानं घासली मी. आईला बरं वाटेल."

"पण कोंडा कुठाय?"

"कचऱ्यात. आज जाळायच्या कचऱ्याचा वार ना? वेळेत नेऊन ठेवला." (कुठल्या वारी कुठला कचरा न्यायचा, हे तिच्याकडून त्यांनीच पाठ करून घेतलं होतं.)

कुनिएदा पायरीवर बसले. सासूबाई त्र्याऐंशीच्या, पण आमटीतलं चिमूटभर मीठ कमी-जास्त झालेलं त्यांना वाफेवरून कळे. ते धावत जाऊन बाजारचा कोंडा घेऊन आले, बरणीत भरला, त्यात दोन काकड्या पुरल्या आणि वास घेतला. काहीच नाही. ज्या वासाला एकतीस वर्षं नाक मुरडलं, त्याच्यासाठी आज त्यांचा जीव तळमळत होता.

मायलेकी आल्या, पानं मांडली गेली. सासूबाईंनी काकडीची फोड चावली आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"जावईबापू, हा कोंडा बाजारचा आहे."

हेल्मीनं जमिनीला कपाळ टेकलं. "चूक माझी आहे, आजी. मी तो फेकून दिला."

कुनिएदांना गप्प राहावं असं फार वाटलं, पण पोरीचं ते वाकलेलं डोकं बघवेना. तेही शेजारी वाकले. "हिचा दोष नाही. हात मी घालायचा होता. मला किळस येते. तुमचा कोंडा गेला, आई."

"जाईल कुठे?" म्हणत फुसाएनं पिशवीतून झाकणाचा डबा काढला. झाकण उघडताच तो वास आला. "खरा माझ्याबरोबर होता. बरणीत तुमच्यासाठी बाजारचा भरून गेले होते. आपल्या थोरल्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला गेले आणि तुम्ही कोंड्याला बुरशी आणलीत, तेव्हापासून प्रत्येक वेळी असंच करते."

"प्रत्येक वेळी?"

"माणसाला मागे काहीतरी काम हवं ना."

"तुझ्या बाबांनाही मी असंच गुंतवून ठेवायचे," सासूबाई लेकीला म्हणाल्या आणि भाताकडे वळल्या.

सकाळी हेल्मी कोपरापर्यंत खऱ्या कोंड्यात होती. कुनिएदांपुढे बाजारच्या कोंड्याची बरणी आली. समोर सासूबाई चहा घेत बसल्या होत्या, म्हणून कुनिएदांनी मुकाट बाही सरसावली.

"हेल्मी," बाजाराला निघताना फुसाए म्हणाली, "बाबांकडे तेवढं लक्ष दे."

हेल्मीनं मान डोलावली. कुनिएदांनी मोकळ्या हातानं साबण हळूच फडताळात मागे सरकवला.