कंबरेचा नकाशा

कंबर तीन महिने दुखत होती. टेबलावर ओणवं होऊन इमारतींचे नकाशे काढण्यात वीस वर्षं गेली, ती कुरकुरणारच. पण घरात माझ्या दुखण्यावर कोणाचा विश्वास नाही. (माळ्यावरचं सामान काढायच्या दिवशीच ती दुखते, हा निव्वळ योगायोग.)

डॉक्टरांनी माणसाची आकृती छापलेला कागद दिला. "दुखतं तिथं खुणा करा. मुंग्यांना टिंब, आग होते तिथं रेघा, ठणक्याला फुली." मी ठरवलं, हा कागद घरी नेऊन नीट भरायचा.

बसलो तर आकृतीच चुकलेली. एक खांदा वर, तो सरळ केला. कंबर फारच बारीक, ती खोडून खरी काढली. चेहरा कोरा होता, म्हणून डोळे दिले. मग टिंबं, रेघा, फुल्या. पाय संपला तरी कळ संपेना, तेव्हा समासात बाण काढले.

बायको डोकावली. "अहो, हा माणूस जिवंत आहे ना?"

दुसऱ्या दिवशी ती सोबत आली. डॉक्टर बराच वेळ कागद पाहत होते. मला ऑपरेशनच दिसायला लागलं.

"हे बाण कुठं चाललेत?"

"कळ पायात मावत नाही."

"दुखतं डावीकडे?"

"छे, उजवीकडे."

"चित्रात डावीकडे आहे."

"तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना?"

"पाठमोरा आहे. तुम्ही डोळे काढलेत ते डोक्याच्या मागच्या बाजूला."

बायकोने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी मला झोपवलं, पाय उचलून पाहिले, कंबरेत एके ठिकाणी बोटाने दाबलं. मी किंचाळलो.

"स्नायू आखडलेत, बाकी काही नाही. दर अर्ध्या तासाला उठा, रोज चाला." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी फायलीत लावायला नवा कागद काढला, पण तो माझ्या हातात दिला नाही. "ताई, तुम्हीच भरा."

तिने मिनिटात भरला. कंबरेच्या उजव्या बाजूला एक छोटी फुली, बरोब्बर डॉक्टरांनी दाबलं तिथं. डॉक्टर खूश झाले. मलाही भरून आलं. म्हणजे इतके दिवस हिचं लक्ष होतं तर!

"पण डोक्यावरही फुल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "यांचं डोकं दुखतं?"

"नाही हो," बायको म्हणाली. "ते माझं."